गल्लीतल्या साध्या चिनी हॉटेलात खरं प्रांतीय जेवण कसं मिळवायचं?

रानजाई (धागाकर्ती)

न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. आई वेंगुर्ल्याहून तीन महिन्यांसाठी आली आहे. गेल्या रविवारी तिला न्यूयॉर्कला फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात नेलं होतं. देवळाच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये डोशासाठी जिन्यापर्यंत रांग होती आणि पोटात कावळे ओरडत होते, म्हणून आम्ही चालत मेन स्ट्रीटकडे निघालो. वाटेत एका आडगल्लीत पाच टेबलांचं चिनी हॉटेल दिसलं. भिंतीवर हाताने लिहिलेले लाल कागद चिकटवलेले, गल्ल्याशेजारच्या टेबलावर एक आजी शेंगांचे दोर काढत बसलेल्या. बाजूच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं लालभडक तेलात बुडालेलं तोफू आणि पांढरा भात अगदी मन लावून खात होतं. त्या वासाने आई दारातच थांबली. "ह्यो वास माझ्या वळखीचो आसा," म्हणाली, पण कसला ते काही तिला आठवेना.

आमच्या हातात मात्र इंग्रजी मेनू पडला. त्यात फ्राइड राइस, ऑरेंज चिकन, एग रोल. मी शेजारच्या ताटाकडे बोट दाखवलं तर मुलगी म्हणाली, "खूप तिखट आहे, तुम्हाला नाही आवडणार." शेवटी फ्राइड राइस खाऊन परतलो. आईला चुटपुट लागून राहिली आहे, तिच्यापेक्षा जास्त मला.

तर जाणकारांनो, अशा साध्या हॉटेलात कुठल्या प्रांताचं जेवण आहे हे कसं ओळखायचं? आणि ते लोक स्वतः जे खातात ते आपल्याला वाढावं म्हणून काय करायचं? मी शाकाहारी. आई मासे आणि कोंबडी खाते, डुक्कर-बीफ नाही.

बोरकूट

चिनी गिऱ्हाइकं भरपूर दिसली की डोळे मिटून आत शिरायचं. हाय काय नि नाय काय.

दर्यावर्दी

बोरकूट, मी क्वीन्समध्ये (न्यूयॉर्कचा फ्लशिंग ज्यात येतं तो भाग) बावीस वर्षं काढली आहेत, मला हे पटत नाही. समजा पुण्यात एक हॉटेल मराठी माणसांनी खच्चून भरलं आहे. तिथे मालवणी मिळतं, वऱ्हाडी की उडपी, हे गर्दीवरून कळेल का? गर्दीवरून जेवण ताजं आहे एवढंच कळतं. प्रांत कळायला पाटी वाचावी लागते.

रानजाई, ओळखायला सर्वात सोपं अक्षर सिचुआन प्रांताचं. 'छ्वान' म्हणजे तीन उभ्या रेघा, डावीकडची जराशी वळलेली. मुळात नदीचं चित्र आहे ते. पाटीवर, मेनूवर, लाल कागदांवर त्या तीन रेघा दिसल्या की बहुतेक वेळा आत मिरची आणि बधिर करणारा मसाला आहे असं समजा. तुमच्या त्या टेबलावरचं ताट मला शंभर टक्के 'मापो तोफू' वाटतंय. छंगदू शहरात एकोणिसाव्या शतकात चेन घराण्यातली एक बाई खाणावळ चालवायची. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, त्यावरून पदार्थाला नाव पडलं असं सांगतात.

आता इंग्रजी मेनू वेगळा का, ते सांगतो. अमेरिकेत आधी आलेले चिनी बहुतेक दक्षिणेतल्या ग्वांगडोंग प्रांतातले, त्यातही थायशान आणि आसपासच्या तालुक्यांतले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली, ती थेट १९४३ पर्यंत टिकली. जे इथे होते त्यांनी गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला रुचेल असं काहीतरी रांधून पोट भरलं. १९६५ नंतर कायदा बदलला आणि हळूहळू बाकीच्या प्रांतांतली माणसं आली. फ्लशिंगमध्ये आधी तैवानचे, मग फूजियान, वनचौ, ईशान्येकडचे, सिचुआनचे. त्यामुळे एकाच हॉटेलात दोन स्वयंपाक नांदतात. एक शंभर वर्षांत अमेरिकेत घडलेला आणि एक आचाऱ्याच्या घरचा. त्या मुलीने तुमचा अपमान केला असं मनात आणू नका. परत आलेली ताटं बघून बघून ती शहाणी झाली आहे. परत आलेल्या ताटाचे पैसेही बुडतात.

उपाय साधा आहे. आडवारी दुपारी तीनच्या सुमारास जा, गर्दी नसते. पदार्थाचं नाव घेऊन मागा, "काहीतरी खास द्या" म्हणू नका. तिखट चालतं हे सांगायला 'झोंग ला' म्हणजे मध्यम तिखट म्हणा. आणि पहिलं ताट चाटूनपुसून संपवा. दुसऱ्या खेपेला तीच मुलगी दुसरा मेनू आणते, हे मी निदान चार हॉटेलांत अनुभवलंय.

बोरकूट

गर्दीचा मुद्दा मागे घेतो. पण ताजेपणाला मार्क द्याच.

दर्यावर्दी

दिले, पैकीच्या पैकी.

शेवंती

रानजाई, आईंना सांगा, तो वास तिरफळाचा!

रानजाई

शेवंती!! फोनवर आलेला तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती उठून उभीच राहिली. "तिरफळ! बांगड्याच्या तिखल्याचो वास!" पण चिनी हॉटेलात तिरफळ कुठून?

शेवंती

अगदी तेच झाड नाही, पण एकाच घराण्यातलं आहे. आपलं तिरफळ आणि त्यांचं 'हुआजियाओ' एकाच वंशातल्या दोन जाती आहेत. माझं माहेर म्हापशाचं. आमच्याकडे तिरफळाचं फक्त साल वापरतात, आतली काळी बी टाकून देतात, कारण ती दाताखाली वाळूसारखी कचकचते. सिचुआनमध्येही बी टाकतात. आमची आजी हुमणाला (माशाच्या आमटीला) उकळी आली की चार-पाच तिरफळं किंचित ठेचून सोडायची, फोडणीत कधीच नाही. चुकून एखादं चावलं गेलं की ओठ आणि जिभेचं टोक झिणझिणायचं, वर पाणी प्यायलं की पाणीही वेगळंच लागायचं.

चिनी लोकांत या झिणझिण्यांना स्वतंत्र शब्द आहे, 'मा'. तिखटाला 'ला'. दोन्ही मिळून 'माला'. आपण तिरफळ घालतो ते माशाचा उग्र वास मारायला आणि सुवासाला. बधिरपणा आपल्याला नकोसा वाटतो, म्हणून मोजून घालतो. ते लोक बधिरपणासाठीच मूठभर घालतात. माझ्या मते दोन स्वयंपाकांतला खरा फरक हा आहे.

अनुस्वार

यात एक भर. हुआजियाओला अमेरिकेत कितीतरी वर्षं बंदी होती. लिंबू-संत्र्याच्या कुळातलं झाड असल्याने त्याच्याबरोबर मोसंबीवर्गीय बागांना लागणारा खैऱ्या रोग येईल अशी भीती होती. १९६८ ते २००५ बंदी. नंतर साधारण ७० अंश सेल्सिअसला तापवून रोगजंतू मारलेला माल येऊ द्यायला लागले. मधल्या काळात चोरूनमारून यायचा, पण बहुतेक हॉटेलं त्याच्याविनाच 'सिचुआन' रांधत होती. त्या पिढीतल्या अमेरिकन लोकांना सिचुआन म्हणजे नुसतं तिखट वाटतं, त्याचं एक कारण हे.

झिणझिण्या येतात त्या 'सान्शूल' नावाच्या द्रव्यामुळे. मिरचीने जळजळ होते, ती गोष्ट वेगळी.

तांबडापांढरा

मी कोल्हापूरचा. एमबीबीएसला शिआनला होतो, शान्शी प्रांतात. आमच्या वर्गात महाराष्ट्रातली बरीच पोरं होती. पहिले सहा महिने सगळ्यांनी मॅगी आणि घरून आणलेल्या चटणीवर काढले. मी दुसऱ्या महिन्यातच कंटाळून होस्टेलमागच्या गल्लीत शिरलो आणि माझं जेवण सुधारलं. फ्लशिंगला शिआनचं पण मिळतं, म्हणून लिहितोय.

शिआन रेशीम मार्गाच्या टोकाचं शहर. तिथे हुई मुसलमानांचा मोठा मोहल्ला आहे. मटण, जिरं आणि गहू, यांवर सगळा खेळ. जिरं घातलेलं चिनी जेवण पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला घरची आठवण येऊन डोळे भरले होते.

'फाओमो' नावाचा प्रकार आहे. तुमच्या हातात एक रिकामा वाडगा आणि कडक, जाड रोटी देतात. ती तुम्हीच कुस्करायची. आमच्या शेजारी बसणारे काका दाण्याएवढे तुकडे करायचे, पाऊण तास गप्पा मारत. मी पहिल्या दिवशी मोठमोठे तुकडे केले तर आचाऱ्याने वाडगा परत पाठवला! मग आत नेऊन त्यावर मटणाचा रस्सा, शेवया, मटणाचे तुकडे घालून उकळी काढून देतात. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा. भाकरी कुस्करून पांढऱ्या रश्श्यात खाणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

दुसरं 'ब्यांगब्यांग' नूडल्स. कमरेच्या पट्ट्याएवढे रुंद. कणीक मळून, तेल लावून मुरवलेली असते. आचारी एक तुकडा घेतो, चपटा करतो, मधोमध लाटण्याने खाच पाडतो, दोन्ही टोकं धरून ताणतो आणि ओट्यावर आपटतो. तो आवाज होतो ब्यांग! ब्यांग! मग खाचेतून फाडून थेट आधणात. वर मिरचीची भरड, लसूण, पात घालून कडकडीत तेलाची धार सोडतात. चर्र आवाज झाला पाहिजे, नाहीतर तेल तापलं नव्हतं. या नूडल्सच्या नावाचं अक्षर पन्नासहून जास्त फटकाऱ्यांचं आहे, आमच्या शिक्षकांनाही ते लिहिताना थांबावं लागायचं.

रानजाई, तुम्ही शाकाहारी, तर 'योउफो म्यान' मागा. तेच रुंद नूडल्स, बहुतेक ठिकाणी मांसाशिवाय, नुसती तेल-मिरची-व्हिनेगर.

हिरवाचुडा

तांबडापांढरा, तोंडाला पाणी सुटलं. शिआनला थंड नूडल्स पण असतात ना? यूट्यूबवर बघितल्यासारखं वाटतंय.

तांबडापांढरा

'लियांगपी'. घट्ट कणीक मळायची, पाणी घालून चोळचोळून धुवायची. पांढरं पाणी वेगळं काढून रात्रभर ठेवायचं. तळाशी सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून टाकायचं, खालचं तेल लावलेल्या ताटलीत पातळ पसरून वाफवायचं. गार झालं की सुटं करून पट्ट्या कापायच्या. वर काकडी, मोड, लसणाचं पाणी, व्हिनेगर, मिरचीचं तेल. धुऊन उरलेला चिवट गोळा पण वाफवून त्यातच घालतात, तो स्पंजासारखा रस शोषतो.

हिरवाचुडा

अहो हा तर गव्हाचा चीक! आमच्याकडे कुरडयांसाठी आई तीन दिवस गहू भिजवायची, रोज पाणी बदलायची, मग वाटून, गाळून, निवळून हेच करायची. चीक शिजत आला की आम्ही पोरं वाट्या घेऊन रांगेत. तूप-साखर घालून एकीला, तेल-तिखट घालून दुसरीला. उरलेला चोथा गुरांना जायचा. आणि हे लोक तो चिवट गोळासुद्धा खातात?

तांबडापांढरा

तुमचा चोथा म्हणजे गव्हाचं साल आणि सगळंच. हे मैद्यासारख्या पांढऱ्या पिठाचं करतात, त्यामुळे मागे नुसतं ग्लुटेन उरतं. पण बाकी हो, चीकच. मी घरी फोन करून सांगितलं होतं, "आई, इथे चीक गार करून विकतात." तिचा विश्वास बसला नाही.

न्यूयॉर्ककरांसाठी: 'शिआन फेमस फूड्स'चं मूळ फ्लशिंगमधलंच. २००५ ला सुरुवात, मेन स्ट्रीटवरच्या गोल्डन शॉपिंग मॉलच्या तळघरात त्यांचा छोटासा गाळा होता. आता शहरभर शाखा आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे सोपं पडतं, भिंतीवर पदार्थांचे फोटो असतात.

तुळशीवृंदावन

शाकाहारी म्हणून लिहिते, कारण या बाबतीत मी चांगलीच पोळले आहे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन एका हॉटेलात गेले (नाव देत नाही). मांस नको असं तीनदा सांगून मापो तोफू मागवलं. तिसऱ्या घासाला सासूबाई म्हणाल्या, हे काय दाणे दाणे लागतंय? डुकराचा खिमा होता. त्या माळकरी आहेत. जेवण तिथेच थांबलं, दोन दिवस त्यांच्या घशाखाली नीट अन्न उतरलं नाही. मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

नंतर एका चिनी मैत्रिणीने समजावलं. मांस म्हणजे तुकडे, अशी बऱ्याच ठिकाणी समजूत असते. चिमूटभर खिमा हा त्यांच्या दृष्टीने मसाला. म्हणून 'वो छ सू' (मी शाकाहारी खाते) असं तर म्हणाच, पण पुढे 'बू याओ रोउमो' (खिमा नको) असंही वेगळं म्हणा. कोंबडीचा रस्सा, डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस या तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचारा. परतलेल्या घेवड्याच्या शेंगांतही बहुतेक वेळा खिमा असतो, दिसायला शुद्ध शाकाहारी असल्या तरी.

आणि बौद्ध शाकाहारी हॉटेल असेल तर निर्धास्त जा. तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा, लसूण, पातसुद्धा घालत नाहीत. सासूबाईंना चातुर्मासात मी तिथेच नेते.

आमच्या घरी ठरलेले पदार्थ: 'दिसानश्येन', म्हणजे वांगं, बटाटा, ढोबळी मिरची तळून लसणाच्या रसात, ईशान्य चीनचा पदार्थ. 'यूश्यांग' वांगं, नावाचा अर्थ माशाच्या वासाचं, पण मासा मुळीच नसतो. सिचुआनमध्ये माशाला जो मसाला वापरतात, आंबवलेली मिरची, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर, तो वांग्याला लावतात (खिमा नको हे इथेही सांगा). आणि बटाट्याचा आंबट-तिखट कीस. तो मात्र करकरीत असतो. बटाटा सुईसारखा चिरून धुतात आणि दोन मिनिटांत आचेवरून काढतात. आपल्या उपासाच्या किसाची अपेक्षा ठेवून खाल्लात तर कच्चा वाटेल. दुसऱ्या घासाला आवडायला लागतो.

रानजाई

तुळशीवृंदावन, वाचून वाईट वाटलं. तुम्ही सासूबाईंसाठी एवढं विचारलं होतंत, यात तुमचा काय दोष? वाक्यं कागदावर लिहून घेतली.

कटवडा

मी पुण्याहून. एवढं सगळं वाचून प्रश्न पडला. आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवरचं शेजवान राइस, ट्रिपल राइस, मंचुरियन, चायनीज भेळ हे सगळं खोटं म्हणायचं का? मला ते मनापासून आवडतं आणि कुणी त्याला हसलं की राग येतो.

दर्यावर्दी

हसायचं काही कारणच नाही. पण शेजवान म्हणजे सिचुआनच, तेव्हा सिचुआनचं म्हणून खाल्लंत तर फसगत होईल. गाडीवरच्या शेजवान चटणीत सुकी लाल मिरची, लसूण, आलं, व्हिनेगर. त्यात हुआजियाओ नाही आणि 'दोबानजियांग' नाही. दोबानजियांग म्हणजे सिचुआनच्या स्वयंपाकाचा कणा. छंगदूजवळच्या पीश्येनचं सर्वात नावाजलेलं. बाकल्याचे दाणे आणि लाल मिरची मीठ घालून मोठाल्या रांजणांत मुरवतात. ऊन असलं की झाकण काढून ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं, असं महिनोन्महिने, चांगलं असेल तर वर्षानुवर्षं. रंग विटकरी काळपट होत जातो. आजीच्या जुन्या लोणच्याच्या बरणीचा जो वास, तसला खोल वास. तो मापो तोफूत नसेल तर ते मापो नव्हे, हे माझं ठाम मत.

शेवंती

कटवडाच्या बाजूने मी बोलते. मंचुरियन १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी पहिल्यांदा केलं असं मानतात. ते कोलकात्याचे चिनी. तिथल्या टँगऱ्यात कातडी कमावणारे हक्का लोक होते, त्यांच्या स्वयंपाकात आपल्या मिरच्या, कोथिंबीर, गरम मसाला शिरला. चिनी माणसांनीच भारतात राहून रांधलेलं जेवण आहे ते. मग ते 'भारत' नावाच्या प्रांताचं चिनी जेवण का म्हणू नये?

दर्यावर्दी

शेवंती, हे मान्य. मग पाटीवर तसं लिहावं, शेजवान लिहू नये.

अनुस्वार

मुंबईकरांसाठी एक सांगतो. माझगावात नवाब टँक रोडजवळ चिनी लोकांचं छोटं देऊळ आहे, १९१९ चं. 'सी यिप' लोकांचं. सी यिप म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके, त्यातलाच एक थायशान. म्हणजे दर्यावर्दींनी ज्या लोकांचा उल्लेख केला त्यांचेच भाऊबंद, एक जहाज सॅन फ्रान्सिस्कोला गेलं, दुसरं मुंबईला. आणि कोलकात्याला गेलात तर रविवारी पहाटे टिरेट्टा बाजारात जा. वाफाळणारे पाव, माशाच्या गोळ्यांचं सूप. आठ वाजेपर्यंत बरंच संपतं.

नर्मदातीर

आजिनोमोटोचं काय? इतकी वर्षं घरात आणू दिलं नाही मी.

अनुस्वार

त्या भीतीची सुरुवात १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका छोट्या पत्राने झाली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा तसा दोष ठरला नाही. १९०८ मध्ये जपानच्या इकेदा यांनी समुद्री शेवाळातून तो स्वाद वेगळा काढला होता. पिकलेल्या टोमॅटोत तोच असतो. वास्तविक काळजी करायची तर मिठाची आणि तेलाची करावी.

हिरवाचुडा

मापो म्हणजे वणांची बाई, वांगं माशाचं पण मासा नाही. नावं किती घरगुती! दानदान नूडल्स म्हणजे काय?

दर्यावर्दी

कावड! 'दान' म्हणजे खांद्यावरची काठी. फेरीवाला एका टोकाला चूल आणि पातेलं, दुसऱ्या टोकाला नूडल्स, मसाले, वाडगे बांधून हिंडायचा. म्हणजे कावडीवरचे नूडल्स. म्हणून वाडगा लहान असतो, ते पोटभरीचं जेवण नव्हेच. इथे हॉटेलवाले परातभर देतात.

बोरकूट

रानजाई कुठे गायब? आई वाट बघत असतील.

रानजाई

मंडळी, जाऊन आले! आईचा ताप, मग माझं ऑफिस, म्हणून दोन आठवडे लागले.

काल गुरुवारी सुट्टी काढली. एडिसनहून पेन स्टेशन, तिथून लाँग आयलंडच्या गाडीने फ्लशिंग. आधी एका मॉलच्या तळघरात लियांगपी घेतलं. आई एक पट्टी उचलून उजेडाकडे धरून बघत होती. दुधी काचेसारखी पारदर्शक होती ती. तिच्या माहेरी कुरडया नव्हत्या, म्हणून तिला चीक माहीत नाही, पण लसणाच्या पाण्याचं विचारून घेतलं.

मग त्याच पाच टेबलांच्या हॉटेलात, बरोबर तीन वाजता. पाटीवर तीन रेघा होत्या! गेल्या वेळी दिसल्या कशा नाहीत कोण जाणे. तीच मुलगी होती. मी कागद बघून म्हटलं, "मापो तोफू, बू याओ रोउमो, झोंग ला." तिने दोनदा विचारलं, मग आत ओरडून सांगितलं. रस्सा कशाचा ते मी विचारलं. आचारी स्वतः बाहेर आला आणि फोनवर भाषांतर करून सांगितलं, कोंबडीचा असतो, तुला पाण्यात करून देतो. सोबत बटाट्याचा कीस घेतला आणि आईसाठी आंबवलेल्या भाजीतला मासा.

तोफू आलं तेव्हा अजून बुडबुडे येत होते. वर काळपट भुकटी भुरभुरलेली. पहिल्या घासाला मऊ, मग तिखट, मग ओठांना मुंग्या. दर्यावर्दी, लोणच्याच्या बरणीचा वास बरोबर आला. कीस पहिल्या घासाला कच्चाच वाटला, तुळशीवृंदावन, तिसऱ्याला मी तो आईकडून ओढून घेतला.

आणि आईने काय करावं? पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. वेंगुर्ल्याची तिरफळं! मला सांगितलंच नव्हतं. शेंगा निवडणाऱ्या आजींसमोर टेबलावर ठेवली. आजींनी एक उचललं, बी आहे का बघितलं, नव्हती. नखाने साल मोडलं, वास घेतला, जिभेच्या टोकावर ठेवलं. मग आत जाऊन बशीतून त्यांचं हुआजियाओ आणलं. तांबूस, लहान, फुलासारखं उमललेलं. आपलं तिरफळ त्याच्या दुप्पट मोठं आणि जास्त काळं. आईने त्यांचं चाखलं. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या, ओठ आत घेऊन. एकीला मालवणी येतं, दुसरीला सिचुआनी, मध्ये मी आणि ती मुलगी फोन घेऊन उभ्या. "मासळेत घालतंस?" आईने विचारलं. मुलीने फोन आजींपुढे धरला. आजींनी मान हलवली आणि हाताने मासा पोहतो तसं करून दाखवलं.

पुरचुंडी तिथेच राहिली. येताना एका पिशवीत हुआजियाओ मिळालं, पैसे घेतले नाहीत.

शेवंती

वाचताना अंगावर काटा आला. आईंना माझा नमस्कार सांगा. ते हुआजियाओ घालून बांगडा केलात तर कळवा. माझ्या अंदाजाने तिरफळापेक्षा निम्मंच घालावं लागेल.

रानजाई

उद्याच करणार आहे ती. बांगडे मिळाले, फ्रोझन का होईना. मी वासावर भात खाईन.

तांबडापांढरा

लियांगपी कुठल्या गाळ्यावर? चिवट गोळा होता ना त्यात?

रानजाई

जिना उतरलं की डावीकडे शेवटून दुसरा. होता, चार तुकडे. दीड वाजता गेलो तेव्हा शेवटचे दोनच वाडगे उरले होते.

हिरवाचुडा

मी शनिवारी न्यू जर्सीत बहिणीकडे येतेय. चीक खायला कोण येणार?

तुळशीवृंदावन

मी आणि सासूबाई. त्यांचं आधी देवळात दर्शन, मग बौद्ध हॉटेल, तुमचा चीक मी चाखेन.

दर्यावर्दी

७ नंबरच्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाबाहेर, मेन स्ट्रीट आणि रूझवेल्टच्या कोपऱ्यावर, ११ वाजता उभा राहतो. उशीर करू नका, दीडला संपतं म्हणतायत.